शल्यापनयन

शरीरात शिरलेली परकी वस्तू शोधून बाहेर काढण्याची क्रिया. शल्यतंत्र या आयुर्वेदशाखेचे नाव 'शल्य' या शब्दावरूनच आले आहे (पहा : आयुर्वेद).

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २६ व २७ हे अध्याय याच विषयाचे आहेत. त्वचेत दडलेले शल्य हुडकण्यासाठी थिजलेले तूप, माती किंवा चंदनाचा लेप लावावा. जिथे तूप लवकर वितळते वा लेप आधी सुकतो तिथे शल्य समजावे, असे त्यात सांगितले आहे. दाहाने वाढणाऱ्या स्थानिक उष्णतेवर ही परीक्षा आधारलेली आहे. शल्य शिरले त्याच वाटेने मागे ओढणे हे प्रतिलोम, तर पुढे ढकलून पलीकडून काढणे हे अनुलोम आहरण होय. सुट्या, काटे नसलेल्या व रुंद जखमेतील लोखंडी शल्यासाठी लोहचुंबक सांगितला आहे. घशात आडव्या अडकलेल्या हाडासाठी दोऱ्याला बांधलेला केसांचा गुंडा पातळ अन्नाबरोबर गिळायला देत, पोटभर द्रव पाजून वांती करवीत आणि हाड गुंड्यात अडकताच दोरा झटक्याने ओढीत.

१८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यावर धातूचे शल्य थेट दिसू लागले (पहा : क्ष-किरण). लाकूड व प्लास्टिक मात्र क्ष-किरणचित्रात बहुधा दिसत नाहीत. त्वचेखालील अशा शल्यासाठी सोनोग्राफी वापरतात. गुस्टाफ किलियान यांनी १८९७ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ग येथे श्वासनलिकेच्या शाखेतून हाडाचा तुकडा दुर्बिणीने काढला (पहा : अंतर्दर्शन). लहान मुलांच्या श्वासमार्गात शेंगदाणा अडकल्यास आजही हाच मार्ग अवलंबतात. अन्ननलिकेत अडकलेला बटन सेल दोन तासांतही ऊतक जाळू शकतो. तो तातडीने काढावा लागतो.