दोर कापणे म्हणजे हल्ला काय?

गेल्या दिवाळीत बोर्डीच्या आमच्या घरी एक तंटा झाला आणि त्याचा निकाल लावण्याचे काम अकारण माझ्या गळ्यात पडले. भाऊबीज उरकली होती, चकल्यांच्या डब्याचा तळ दिसू लागला होता. मुंबईहून आलेली नातवंडे दोन दिवस समुद्रावर आणि चिकूच्या वाडीत हुंदडून कंटाळली, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ओटीवर सतरंजी टाकून एक खेळ मांडून बसली. मांडून बसली म्हणायचे, पण पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. थोरला नातू गोष्ट सांगत होता आणि बाकीची मुले त्या गोष्टीतली माणसे झाली होती. कोणी योद्धा, कोणी चोर. वाडीच्या रखवालदाराची नात तिरंदाज झाली होती. माझी धाकटी नात मांत्रिक होती. मधूनमधून वीस पैलूंचा एक फासा सतरंजीवर गडगडे आणि कोणाचा तरी जीव वाचे किंवा जाई.

मांत्रिक बाईंनी मंत्र म्हणून स्वतःला अदृश्य करून घेतले होते. पुढे दरी, दरीवर दोरांचा पूल आणि पुलावर पाच दरोडेखोर. बाईंनी कट्यार काढून पुलाचा दोर कापला. दरोडेखोर दरीत गेले. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, तोच सूत्रधार गंभीर आवाजात म्हणाला, "आता तू दिसायला लागलीस."

"का म्हणून?"

"पुस्तकात लिहिलंय. अदृश्य माणसानं कोणत्याही प्राण्यावर हल्ला केला की मंत्र तुटतो."

"मी दोर कापला. दोर काय प्राणी आहे?"

झाले! अर्धी मुले इकडे, अर्धी तिकडे. शेवटी पुस्तक माझ्या पुढ्यात आले. "आजोबा, तुम्ही संस्कृत शिकवायचात ना? मग सांगा याचा अर्थ." पुस्तक इंग्रजी होते, पण मुलांच्या हिशेबी जे कळायला कठीण ते सारे संस्कृतच.

या खेळाचा इतिहास मी नंतर माझ्या मुलाकडून समजून घेतला, आणि तो मोठा मौजेचा निघाला. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स', म्हणजे तळघरे आणि उडते सर्प, असे त्याचे नाव. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाच्या गावी गॅरी गायगॅक्स याने आणि शेजारच्या मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन याने तो प्रसिद्ध केला. एका पेटीत तीन लहान पुस्तिका, एवढाच त्याचा पसारा. शेवटी कर्त्यांनी खेळणारांना बजावले होते की, तुम्हांला जसे असावे वाटते तसे ठरवा आणि तसे करा. फार उदार मनाचे शास्त्रकार! पण शास्त्रकाराचे औदार्य अनुयायांना मानवत नाही, हा जगभरचा अनुभव आहे. मंत्रांचे वर्णन दोन-दोन ओळींत आटोपलेले. त्यांतल्या एकेका शब्दावरून लोक रात्र-रात्र भांडू लागले.

एक उदाहरण सांगतो. १९७५ च्या पुरवणीत मांत्रिकाने सोडायचा एक जादूचा बाण आला. तो ज्याला लागेल त्याला इजा होते, असे लिहिले होते. लागेल म्हणजे काय? आपोआप लागतो की नेम धरून फासा टाकावा लागतो? १९७७ साली नवशिक्यांसाठी पुस्तक निघाले, त्यात फासा टाकावा असे ठरले. पुढच्याच वर्षी निघालेल्या मोठ्या ग्रंथात तो बाण कधीच चुकत नाही असे ठरले. एकाच घरच्या दोन स्मृती, आणि तोंडे दोन दिशांना! अखेर या खेळाच्या मासिकात १९७९ पासून वाचकांच्या शंकांना उत्तरे देणारे सदरच सुरू करावे लागले. आमच्याकडे पैठणच्या आणि काशीच्या ब्रह्मवृंदाकडून निर्णयपत्रे मागवीत, त्यातलाच हा प्रकार.

आता मुलांच्या पुढ्यातले पुस्तक हे त्या १९७८ च्या ग्रंथाचेच, पुतण्याने अमेरिकेतून आणलेले. 'हल्ला' म्हणजे काय ते त्यात उलगडून सांगितलेले नाही. मी चष्मा पुसला आणि मला जैमिनी आठवला.

मीमांसा हे नाव ऐकून वाचकांनी पान उलटू नये. वेदातले मंत्र आणि विधी म्हणजे तरी काय? अमुक मंत्र म्हणून अमुक कृती करावी, म्हणजे अमुक फळ मिळते. आणि लिहिणारा, म्हणजे इथे अपौरुषेय वेद, विचारायला हाताशी नाही! तेव्हा वाक्याचा अर्थ वाक्यातूनच काढला पाहिजे. त्यासाठी जैमिनीने बारा अध्यायांची सूत्रे रचली, शबराने त्यांवर भाष्य केले, कुमारिलाने त्यावर वार्तिके लिहिली. त्यांतले वाद वाचताना कित्येकदा आपण ओटीवरच्या सतरंजीवर बसलो आहोत असेच वाटते.

सोमरसाचा ग्रह पुसावा, असा एक विधी आहे. ग्रह म्हणजे इथे रस घेण्याचे पात्र. पात्रे तर अनेक असतात, आणि विधीत शब्द एकवचनी. मग एकच पुसायचे का? मीमांसक म्हणतात, नाही. पुसणे हे पात्रासाठी आहे, सर्वच पात्रे त्या कामाची आहेत. इथले एकवचन विवक्षित नाही. सगळी पुसा. दुसरीकडे, वसंत ऋतूसाठी कपिंजल पक्षी अर्पण करावेत असे अनेकवचनी वाक्य आहे. किती? अनेक म्हणजे चार, दहा, शंभरही. मीमांसक म्हणतात, तीन. तीनांतच अनेकवचन पुरते होते, मग त्याहून अधिक जीव मारायला आधार कोणता? मला हा निर्णय फार आवडतो. त्यात तर्कही आहे आणि थोडी दयाही आहे, जरी शास्त्रीबुवा दयेचे नाव घेणार नाहीत.

मंत्रांचे म्हणाल तर खरी गंमत ऐंद्री ऋचेची. ऋचा इंद्राची; तिच्या शब्दांत इंद्राची स्तुती आहे. पण विधी सांगतो की या ऋचेने गार्हपत्य अग्नीची उपासना करावी. मंत्राच्या शब्दांचे सामर्थ्य इंद्राकडे ओढते, प्रत्यक्ष आज्ञा अग्नीकडे. ऐकायचे कोणाचे? यासाठी जैमिनीने उतरंडच लावून दिली: प्रत्यक्ष आज्ञा पहिली, मग शब्दाचे सामर्थ्य, मग वाक्य, प्रकरण, स्थान आणि शेवटी नाव. आधीच्याशी नंतरच्याचा विरोध आला तर आधीचे बलवान. म्हणून मंत्र इंद्राचा असला तरी उभे राहायचे अग्नीपुढेच. दोन आज्ञाच एकमेकींविरुद्ध असतील, जसे षोडशी पात्र घ्यावे असेही आहे आणि घेऊ नये असेही, तर अगदी निरुपाय म्हणून विकल्प मानायचा. पण विकल्पाला आठ दोष चिकटतात, असे त्यांनी मोजून ठेवले आहे. 'तुम्हांला हवे ते ठरवा' म्हणणाऱ्या लेक जिनिव्हाच्या शास्त्रकारांना हे मानवले नसते.

ही सारी विद्या यज्ञ बंद पडल्यावर मेली असे कोणास वाटेल. तसे झाले नाही. वाईच्या केवलानंद सरस्वतींनी तिचा कोश सात खंडांत सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९५२ साली निघाला. आणि यज्ञापेक्षा मोठ्या गोष्टी या विद्येवर तोलल्या गेल्या.

पतीच्या अनुज्ञेवाचून स्त्रीने मुलगा दत्तक देऊ वा घेऊ नये, असे वसिष्ठाचे एक वचन आहे. नवरा वारला असेल तर? मिथिलेचे पंडित म्हणाले, अनुज्ञा दत्तकविधीच्या वेळीच हवी. ती आता कोण देणार? तेव्हा विधवेला दत्तक नाही. बंगाल्यात म्हणाले, नवऱ्याने जिवंतपणी दिलेली चालेल. द्रविड देशात म्हणाले, नवऱ्याची नसेल तर भाऊबंदांची चालेल. आणि आमच्या इकडे, मूळ पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठाने सतराव्या शतकात आपल्या 'व्यवहारमयूखा'त सांगितले की, हे वचन नवरा हयात असलेल्या स्त्रीपुरते आहे. शिवराज्याभिषेकाचे गागाभट्ट याच घराण्यातले. एकच वाक्य आणि चार देशांत चार अर्थ! १८६८ साली मदुरेच्या कलेक्टराच्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलाने हे चारही अर्थ एका जागी मांडून दाखवले. १९५६ च्या कायद्याने तो भेद मिटवला, तोवर दरभंग्याची विधवा आणि साताऱ्याची विधवा यांच्या नशिबात एवढे अंतर होते. घर कोणाच्या नावावर राहणार आणि म्हातारपणी भाकरी कोणाच्या हाताकडे बघून खायची, हे एका 'अनुज्ञा' शब्दावर लोंबकळत होते.

पण त्या ओटीवर माझ्या मनात प्रथम आले ते निषादस्थपतीचे अधिकरण. रुद्राच्या एका इष्टीसंबंधी वाक्य आहे की ती निषादस्थपतीकडून करवावी. आता हा समास सोडवायचा कसा? निषादांचा स्थपती, म्हणजे निषादांवर राज्य करणारा कोणी त्रैवर्णिक राजा? की निषाद असा स्थपती, म्हणजे जो स्वतःच निषाद आहे तो नायक? पहिला अर्थ सर्वांच्या सोयीचा होता. निषादाला वेदाध्ययन नाही, मंत्र नाहीत. त्याला यज्ञात बसवणे म्हणजे अडचण. याच अध्यायात शूद्राला यज्ञाचा अधिकार नाही असे हीच मंडळी ठासून सांगतात. तरी निर्णय दुसऱ्या बाजूने लागला. कारण 'निषादांचा' असा अर्थ घ्यायचा तर शब्दाला त्याच्या सरळ अर्थापासून हलवावे लागते, लक्षणा करावी लागते. आणि सरळ अर्थ लागत असताना लक्षणा करू नये, हा यांचाच नियम. तेव्हा निषाद स्वतः यजमान. त्याला लागतील तेवढे मंत्र शिकवून घ्या म्हणाले. आपल्याच नियमाने आपल्याच आवडीविरुद्ध निकाल देणारी माणसे मला इतिहासात फारशी भेटलेली नाहीत.

आमच्या डहाणू-तलासरीकडचे वारली म्हणजे ते निषाद, असे मी म्हणत नाही. तसली जोडाजोड करणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या लग्नाला भटजी नसतो, धवलेरी असते. ती बाई लग्न लावते आणि विधीची गाणी गाते. सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, त्यात पालघट देवी बसते, मग लग्न पुढे सरकते. पोथी कुठे नाही. म्हणून अक्षरावर बोट ठेवून भांडताही येत नाही. नियम जिच्या गळ्यात, अर्थही तिच्याच गळ्यात.

पोथी होती ती सावकाराकडे. लग्नासाठी कर्ज काढलेला वारली त्या जमीनदाराचा 'लग्नगडी' होई. फिटेपर्यंत राबायचे, एवढाच करार. पण फिटले म्हणजे कधी? हिशेबाचे पुस्तक सावकाराच्या घरी, वाचणारा सावकार, अर्थ लावणारा सावकार. माणसे आयुष्यभर राबली, त्यांच्या बायका राबल्या, आणि कर्ज काही फिटेना. मे १९४५ मध्ये तलासरीजवळ झरी गावी हजारो वारली जमले आणि वेठ करायची नाही असे ठरवून उठले. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात ती हकीगत लिहिली आहे. १९७० साली ते प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शाळेत असताना मी ही नावे घरात दबक्या आवाजात ऐकली होती. आमच्याही वाडीचे एक जुने हिशेबाचे पुस्तक होते. ते पुढे कुठे गेले, मी कधी विचारले नाही.

असो. मुले खोळंबली होती.

मी निकाल दिला. हल्ला म्हणजे प्राण्यावर स्वतः केलेला प्रहार, हा शब्दाचा सरळ अर्थ. तो लागत असताना दोर कापण्याला हल्ला म्हणणे ही लक्षणा. सबब मांत्रिक अदृश्यच. नात आनंदाने ओरडली. (पुढे मुलाने सांगितले की, २००० सालच्या आवृत्तीत कर्त्यांनी नेमके पुलाचेच उदाहरण देऊन असाच खुलासा केला आहे. मला थोडा गर्व झाला, तो त्याच्या लक्षात आला असावा. कारण २०१४ च्या पुस्तकात आणखी निराळी कसोटी आहे, मारण्यासाठी फासा टाकावा लागला तर तो हल्ला, हेही त्याने लगेच सांगितले.)

सूत्रधार मात्र गप्प बसला होता. तेवढ्यात इतका वेळ काही न बोललेली रखवालदाराची नात म्हणाली, "पुलावर माणसं होती हे तिला ठाऊक होतं ना?"

"होतं," नात म्हणाली.

"मग दोर कशाला कापला?"

कोणीच बोलेना. मी पुस्तक पुन्हा उघडले, ते पान पुन्हा वाचले. आतून चहाला हाक आली, तरी कोणी उठले नाही. थोरल्याने फासा उचलून मुठीत धरला, क्षणभर विचार केला आणि तो तिच्याच पुढ्यात ठेवून म्हणाला, "आता तू हो सूत्रधार."