तळटीप : थायमीन

१. थायमीन : डीएनएमधील चार बेसांपैकी एक, अ‍ॅडेनिनचा जोडीदार. ब१ जीवनसत्त्वाचे थायमिन ते निराळे. मराठीत दोन्ही नावे जवळजवळ सारखीच दिसतात, म्हणून हा खुलासा. कोसेल आणि नॉयमान यांनी १८९३ मध्ये वासराच्या थायमस ग्रंथीतून थायमीन वेगळे केले, त्यावरून हे नाव पडले. कन्हानच्या प्रकरणात वारंवार येणारा, विदर्भात घरोघरी माहीत असलेला सिकलसेल आजार याच बेसमुळे होतो. बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एका ठिकाणी, फक्त एकाच, अ‍ॅडेनिनच्या जागी थायमीन बसते. मग हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते आणि प्राणवायू कमी पडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. सांधे, हाडे ठणकतात. बदललेले जनुक आई किंवा वडील एकाकडूनच आले तर माणूस वाहक असतो, सहसा धडधाकट. दोघेही वाहक असले तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. आजार रक्त दूषित झाल्याने नव्हे, तर जनुकातील या बदलाने होतो; मागील आवृत्तीतील ‘दूषित रक्त’ हे शब्द म्हणूनच या आवृत्तीत सर्वत्र वगळले आहेत. — संपा.