कत्युशाच्या खालचा ट्रक कोणता?

दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत ‘कत्युशा’चा फोटो तुम्ही पाहिला असेलच. ट्रकच्या पाठीवर तिरके लावलेले लोखंडी रूळ आणि त्यांवरून एकामागून एक सुटणारी रॉकेटं. सगळ्यांची नजर रॉकेटांवर जाते. तुम्ही जरा खाली बघा. ट्रक कोणता आहे?

प्रश्न बाळबोध वाटेल. पण वस्तू पुरावा म्हणून कशी वाचायची, हे सांगताना मी हेच उदाहरण घेतो, कारण उत्तर फोटोगणिक बदलतं.

सुरुवातीला तो झिस-६ होता, मॉस्कोच्या कारखान्यातला. आधी रॉकेटं ट्रकच्या बाजूने, आडवी सोडून पाहिली. अख्खी गाडी डोलायची आणि नेम बिघडायचा. मग रूळ गाडीच्या लांबीत बसवले, त्यांवर १३२ मिलिमीटरची १६ रॉकेटं. तोफेचा धक्का सोसायला भक्कम गाडा लागतो. रॉकेटाचा तसा धक्का रुळांना जवळजवळ बसत नाही, म्हणून साधा मालवाहू ट्रकही चालून गेला. मात्र धूर आणि धुळीमुळे जागा लगेच उघडी पडायची. म्हणजे डागलं की पळायचं, आणि पळायला चाकं हवीतच.

उत्पादनाला मंजुरी मिळाली २१ जून १९४१ ला. दुसऱ्याच दिवशी जर्मनीने हल्ला केला. १४ जुलैला कॅप्टन इव्हान फ्ल्योरोव यांच्या तुकडीने ओर्शाच्या रेल्वे जंक्शनवर मारा केला. ऑक्टोबरमध्ये हीच तुकडी वेढ्यात सापडली, तेव्हा शस्त्राचं गुपित शत्रूच्या हाती लागू नये म्हणून तिने आपल्या गाड्या स्वतःच उडवल्या. फ्ल्योरोव तिथेच मारले गेले.

झिस-६ ची एक अडचण होती: इंजिनाचा जोर फक्त मागच्या चाकांना, पुढची नुसती फिरायची. तिकडच्या चिखलात हे फार जाणवायचं. मग लेंड-लीजमधून अमेरिकेचे स्टुडबेकर यूएस६ ट्रक आले, पुढच्या-मागच्या सगळ्या चाकांना जोर असलेले. १९४३ मध्ये कत्युशाचा जो प्रमाण नमुना ठरला, तो याच ट्रकवर. युद्धाच्या उत्तरार्धात पश्चिमेकडे सरकणाऱ्या कत्युशा मोठ्या प्रमाणात अमेरिकन चाकांवर होत्या.

आता स्मारकांकडे या. चौथऱ्यांवर चढवलेल्या कत्युशांमध्ये झिल-१५७ सारखे ट्रक सर्रास दिसतात, आणि ते मॉडेल आलं १९५८ मध्ये! लगेच ‘बनवाबनवी’ म्हणून मोकळे होऊ नका. युद्धानंतर सैन्याने रॉकेटांची ही यंत्रणा खरोखरच नव्या सोव्हिएत ट्रकांवर बसवली होती, त्यामुळे स्मारकासाठी तेच हाताशी असणं साहजिक होतं. तरी पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढून अमेरिकन ट्रक गेला तो गेलाच. हेतू आणि परिणाम वेगवेगळे नोंदवा. माझ्या पहिल्या मसुद्यात मी दोन्ही एकत्र कालवले होते. गाईडनी ते पान सरळ परत दिलं.

जे ट्रकचं, तेच माणसांचं. ही रॉकेटं विकसित झाली मॉस्कोच्या रॉकेट संशोधन संस्थेत. तिचे प्रमुख इव्हान क्लेयम्योनोव आणि मुख्य अभियंता गेओर्गी लांगेमाक यांना १९३७ मध्ये अटक झाली आणि जानेवारी १९३८ मध्ये गोळ्या घालण्यात आल्या. जुलै १९४१ मध्ये ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब मिळाला त्याच संस्थेतल्या आंद्रेई कोस्तिकोव यांना. तुम्ही नुसती त्या वर्षीची सन्मानयादी हातात घेऊन बसलात, तर शोधाचं श्रेय कुणाच्या नावे लिहाल? कागद अस्सल, सही-शिक्का अस्सल, आणि तरी त्यात दोन माणसं नाहीत. क्लेयम्योनोव आणि लांगेमाक निर्दोष ठरले १९५५ मध्ये. तोच किताब त्यांना मरणोत्तर मिळाला जून १९९१ मध्ये, सोव्हिएत संघ संपायला सहा महिने उरले असताना.