खिडकीतून मॅरिलिन

पाय आखडून घ्या. एवढ्याशा यानात आधीच तिघं आहेत, चौथ्याची सोय कुणी केलेली नाही. 24 डिसेंबर 1968, अपोलो 8. पाचपैकी तीन खिडक्या धुरकटल्यात, कडांना लावलेल्या सिलिकोनच्या वाफेनं. उरलेल्या दोनांतल्या एकीला नाक लावा. खाली, 110 किलोमीटरवर, चंद्र. चांदी नाही की दूध नाही. वाळत घातलेल्या प्लॅस्टरचा रंग.

तुम्ही पश्चिमेकडे सरकताय. सुपीकतेचा सागर संपत आला. (थेंबभर पाणी नाही त्यात, चंद्रावरच्या जागांना नावं देणारे मोठे आशावादी.) त्याच्या आणि शांततेच्या सागराच्या मध्ये, कोवळ्या तिरप्या उन्हात, लांब सावली टाकून एक त्रिकोणी डोंगर उभा आहे.

जिम लव्हेल त्याचीच वाट बघतोय. यानाची दिशा सांभाळणं हे त्याचं काम. पुढच्या मोहिमांना शांततेच्या सागरात उतरायचंय, म्हणजे अलीकडे नजरेत भरणारी एक खूण हवी. नकाशावर डोंगराला 'सेक्की थीटा' म्हणतात: शेजारच्या विवराचं नाव आणि पुढं एक ग्रीक अक्षर. घाईच्या वेळी कुणाच्या तोंडी बसेल हे? ऐका, रेडिओवर तो काय म्हणतोय. माउंट मॅरिलिन. मॅरिलिन त्याची बायको. ती आत्ता ह्यूस्टनला, चार मुलांसह, इथून पावणेचार लाख किलोमीटरवर.

आता जरा पुढे उडी घ्या. जुलै 1969. अपोलो 11चे अंतराळवीर ह्याच डोंगरावरून जाताना तेच नाव घेतात. उतरण्यासाठी इंजिन पेटवायचं ठिकाण ते हेच. कामाला आलं म्हणून नाव टिकलं. आंतरराष्ट्रीय खगोलीय संघाच्या यादीत मात्र ते नव्हतं. तिथं शिक्का बसला 26 जुलै 2017ला. मॅरिलिनबाई तेव्हा 87 वर्षांच्या होत्या. डोंगर तोवर जवळजवळ अर्धशतक त्यांच्याच नावानं ओळखला जात होता, शिक्क्याविना.

परत या खिडकीशी. डोंगर मागं गेला, लव्हेल पुन्हा भिंगाला डोळा लावून बसलाय. चंद्राभोवती अशा दहा फेऱ्या आहेत, एकेक साधारण दोन तासांची. हुकला असेल तर जागा सोडू नका.