भाऊरावांची न निघालेली तबकडी

हदगावला आमच्या घरी एकदा बालगंधर्वांची जुनी तबकडी लावली होती. ऐकायला आलेले एक निवृत्त गुरुजी मधेच म्हणाले, "अन् भाऊरावाची हाय का?" मी नाही म्हणालो. ती मला मिळाली नाही असे नव्हे, ती कधी निघालीच नाही.

भाऊराव कोल्हटकर बडोद्याचे. जन्म १८६३. १८८२ साली ते किर्लोस्कर मंडळीत आले, शकुंतला केली आणि त्याच वर्षी १८ नोव्हेंबरला रंगभूमीवर आलेल्या 'सौभद्रा'त सुभद्रा झाले. प्रेक्षक त्यांना लाडाने 'भावड्या' म्हणत. पुढे अंग भरले, तसे ते पुरुषभूमिकांकडे वळले. देवलांच्या 'शारदे'त १८९९ साली कोदंड त्यांनीच केला. १३ फेब्रुवारी १९०१ रोजी पुण्यात ते वारले, तेव्हा अडतीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

आता दुसरी तारीख. ८ नोव्हेंबर १९०२. लंडनच्या ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गैसबर्ग याने त्या दिवशी कलकत्त्यात हिंदुस्थानातले आपले पहिले मुद्रण केले. मधले अंतर २१ महिन्यांहून पाच दिवस कमी. आणि त्याच्या कर्ण्यासमोर त्या दिवशी कोण उभ्या राहिल्या? क्लासिक थिएटरच्या शशिमुखी आणि फणिबाला. गौहरजानचा नंबर त्यानंतर तीन दिवसांनी लागला. म्हणजे कंपनीने सुरुवात केली ती नाटकातल्या गाण्यापासूनच. भाऊराव असते, तर आज ना उद्या हा कर्णा त्यांच्यासमोर आलाच असता, असे मला वाटते.

फोनोग्राफ १८७७ पासून होता, हे मनाला अधिक लागते. यंत्र होते, आवाज होता. आवाज विकता येतो हे कळायला मात्र उशीर झाला.

तबकडीत किती मावले असते, हाही प्रश्नच. तेव्हा वीज नव्हती, मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यात तोंड घालून जोरात गायचे, कंपनाने सुई मेणावर रेघ ओढायची, आणि दोन-तीन मिनिटांत पद संपवायचे. 'वन्समोअर' घेत पद रंगवणाऱ्या नटाला ते तुरुंगासारखेच वाटले असते. तरी चढा, खणखणीत आवाज त्या कर्ण्याला मानवे, आणि भाऊरावांची ख्याती नेमकी तशा आवाजाची.

या हानीचा एक परिणाम आपण विसरतो. १९०५ साली त्याच मंडळीत बालगंधर्व आले, शकुंतला त्यांच्याकडे गेली, आणि त्यांच्या तबकड्या निजामाच्या मुलखातही घरोघर वाजल्या. त्यामुळे नाट्यसंगीताचा ऐकू येणारा इतिहास दुसऱ्या पिढीपासून सुरू होतो आणि आपण त्यालाच मूळ समजतो. भाऊराव श्रेष्ठ की बालगंधर्व, हा वाद मीही तरुणपणी हिरिरीने घातला आहे. एका बाजूला आवाज आणि दुसऱ्या बाजूला नुसती विशेषणे, असा तो वाद!

गुरुजींना मी 'सौभद्रा'ची जुनी प्रत दाखवली. पदांच्या डोक्यावर 'चाल' छापलेली आहे. त्यांनी चष्मा पुसला, एका चालीवर बोट ठेवले आणि हलकेच गुणगुणून पाहिली.