कापलेला संदेश : १९७७ चा एक शोध

इतिहास म्हटला की लढाया आणि तह आठवतात. परंतु प्रयोगशाळेलाही इतिहास असतो. मी विज्ञानाचा पदवीधर नाही. तरीही ही हकीकत सांगावीशी वाटते.

पेशीच्या केंद्रकात जनुके असतात. प्रथिन बनवायचे झाले की जनुकाची आर.एन.ए. ही नक्कल निघते व केंद्रकाबाहेर जाते. १९६१ मध्ये जिवाणूंवरील प्रयोगांतून हा संदेशवाहक ओळखला गेला. तेथे जनुक व नक्कल अक्षरश: जुळत, म्हणून माणसातही तसेच असणार, असे गृहीत धरले गेले. एक कोडे मात्र सुटत नव्हते. केंद्रकातील आर.एन.ए. फार लांब, बाहेर येणारा आखूड! असे का?

१९७७ मध्ये अमेरिकेतील कोल्ड स्प्रिंग हार्बर व एम.आय.टी. या दोन्ही ठिकाणी उलगडा झाला. दोन्हीकडे मानवी पेशीत वाढणाऱ्या ॲडिनोव्हायरस या विषाणूचा अभ्यास चालू होता. विषाणूचा डी.एन.ए. आणि त्याचाच संदेश एकमेकांशी जुळवून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तो काय! डी.एन.ए.चे मधले भाग जोडीदार न मिळाल्याने फासासारखे बाहेर लोंबत होते. तेवढा मजकूर संदेशात नव्हताच. आधी लांब नक्कल निघते, मधले तुकडे कापले जातात, उरलेले सांधले जातात आणि मगच संदेश बाहेर पडतो. कापलेल्या भागांना 'इंट्रॉन' व राखलेल्यांना 'एक्झॉन' ही नावे वॉल्टर गिल्बर्ट यांनी १९७८ मध्ये दिली.

१९९३ चे नोबेल रिचर्ड रॉबर्ट्स व फिलिप शार्प यांना मिळाले. सूक्ष्मदर्शकावर काम करणाऱ्या लुईस चाऊ व टॉमस ब्रोकर यांची, तसेच एम.आय.टी.च्या सुसान बर्गेट यांची नावे शोधनिबंधांवर आहेत, पारितोषिकावर नाहीत. एक पारितोषिक तिघांत वाटता येते. तिसरी जागा रिकामीच राहिली, हे मला खटकते.

पालकांनी विचारावे, याचा आपल्याशी काय संबंध? रक्तातील हिमोग्लोबिनसाठी लागणाऱ्या बीटा-ग्लोबिन जनुकाच्या पहिल्या इंट्रॉनमधले पाचवे अक्षर बदलले, तर कात्री भलतीकडेच चालते. भारतात बीटा थॅलेसेमियामागे सर्वांत जास्त आढळणारा दोष हाच. असा दोष एकाच पालकाकडून आला तर मूल केवळ वाहक असते व बहुधा धडधाकट असते. आई-वडील दोघेही वाहक असले, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता चारात एक. तीव्र आजार असलेल्या मुलाला दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. आपण वाहक आहोत की नाही, हे लग्नाआधी रक्त तपासून कळू शकते.