बाराव्या अंकानंतर कोणाला काय आठवतं?

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा, इतिहासाच्या व्याख्यानात अमेरिकन कॉमिक्स कशाला, असं काहींनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. अनेक इतिहास मोडून त्यांचा एकच इतिहास करायचा ठरवला, तर ज्यांचा इतिहास मोडला त्यांचं काय होतं, हा आमचा जुना प्रश्न. राज्यं, संस्थानं, गावं यांच्या बाबतीत त्याचे पुरावे दहा दप्तरांत विखुरलेले असतात. इथे मात्र सगळं छापील आहे, महिन्यागणिक.

एका कथेतला नायक दुसऱ्याच्या कथेत शिरतो, हे आपल्याला नवीन नाही. वनपर्वात भीमाच्या वाटेवर एक म्हातारा वानर पडलेला असतो, त्याची शेपटी भीमाला हलत नाही, आणि मग कळतं की हा रामायणातला हनुमान! दोघेही वायुपुत्र, म्हणजे नातंही जुळलं. इंद्रजाल कॉमिक्स मराठीतून वाचलेल्या मंडळींना वेताळ आणि जादूगार मँड्रेक आठवत असतील. दोघेही ली फॉक या एकाच लेखकाचे. १९७७ साली वेताळ आणि डायनाचं लग्न झालं, त्याला मँड्रेक आणि लोथार हजर होते. पाहुणे आले, गेले. कोणाचा भूतकाळ बदलला नाही. वेताळाच्या गुहेत तर १५३६ पासूनच्या पिढ्यांच्या हकिकती वह्यांत लिहून ठेवलेल्या. वेताळ मरतो, वही राहते.

आता डीसी कॉमिक्सकडे येऊ. १९३८ मध्ये सुपरमॅन आला, १९४० मध्ये फ्लॅश. पुढे फ्लॅशची मासिकं बंद पडली. १९५६ मध्ये त्याच नावाचा नवा फ्लॅश आणला, आणि गंमत बघा, हा नवा फ्लॅश लहानपणी जुन्या फ्लॅशची कॉमिक्स वाचत असे! मग १९६१ मध्ये गार्डनर फॉक्स या लेखकाने दोघांची भेट घडवली. युक्ती अशी, की जुने नायक दुसऱ्या पृथ्वीवर राहतात. झालं, वाट सापडली. दुसऱ्या प्रकाशकाचे नायक घेतले की त्यांना एक पृथ्वी द्यायची. सुपरमॅनही दोन झाले, एक आजचा आणि एक १९३८ चा, कानशिलाशी केस पिकलेला.

नव्या वाचकाला हा गुंता झेपणार नाही, असं पुढे कंपनीत वाटू लागलं. १९८५ हे कंपनीचं पन्नासावं वर्ष. त्या वर्षी मार्व्ह वुल्फमन यांनी लिहिलेली आणि जॉर्ज पेरेझ यांनी चितारलेली ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही बारा अंकांची मालिका सुरू झाली. अँटी-मॉनिटर नावाचा खलनायक एकेक विश्व गिळत जातो. सातव्या अंकात सुपरगर्ल मरते, आठव्यात फ्लॅश. शेवटी पाच पृथ्व्या उरतात. मग लढाई थेट काळाच्या उगमापाशी जाते, तिथे सगळं उलटंपालटं होतं, आणि अकराव्या अंकात नायक जागे होतात तेव्हा पृथ्वी एकच असते. नुसती आज एक नव्हे, आरंभापासून एकच!

इथे थोडं थांबू या. आपले नैयायिक अभावाचे प्रकार सांगतात. मडकं फुटलं तर तो प्रध्वंसाभाव. होतं, आता नाही. जे भूत, वर्तमान, भविष्य या तिन्ही काळांत नाही, त्याचा अत्यंताभाव. वाघोलीचंच बघा. २०२१ मध्ये तेवीस गावं पुणे महापालिकेत गेली, त्यांत वाघोली होती. ग्रामपंचायत संपली. पण ती कधी नव्हतीच, असं कोणी म्हणालं नाही. पिलाजी जाधवरावांची समाधी जिथे होती तिथेच आहे. हा प्रध्वंसाभाव झाला. त्याचं दुःख करता येतं, त्यावर भांडताही येतं. क्रायसिसने काय केलं, तर फुटलेल्या मडक्याला ‘तू कधी घडलंच नव्हतंस’ असं सांगितलं.

मार्च १९८६ ही तारीख छापलेला बारावा अंक या नजरेने वाचा. त्यातली मारामारीची पानं आम्ही आता नुसती चाळतो. फार आहेत, आणि गर्दी इतकी की कोण कोणाला मारतंय ते समजत नाही. खरी गोष्ट त्या पिकल्या केसांच्या सुपरमॅनची आहे. ज्याच्यापासून हा सगळा व्यवसाय उभा राहिला, त्यालाच नव्या इतिहासात जागा नाही. त्याचं वर्तमानपत्र नाही, घर नाही. त्याच्याच पृथ्वीवरचे रॉबिन आणि हंट्रेस या अंकात मरतात, पण त्यांची प्रेतं सापडत नाहीत. शेवटचा घाव मात्र हा म्हाताराच घालतो, आणि वाचलेल्या बायकोला घेऊन विश्वाबाहेर निघून जातो.

आणि अखेरीस वेड्यांच्या इस्पितळात, हातपाय जखडलेला सायको-पायरेट. मागच्या सगळ्या पृथ्व्या त्याला आठवतात. पुढच्या कथांतून बाकीच्यांची आठवण पुसत गेली. नैयायिक स्मृतीला प्रमा मानत नाहीत, कारण ती नवीन काही सांगत नाही. आधीच्या अनुभवाच्या संस्कारातून ती उठते. मान्य. पण मग ज्या पृथ्व्या कधी नव्हत्या, त्यांचा संस्कार या माणसावर उमटला कुठून? एक तर तो भ्रमिष्ट, नाहीतर नवा इतिहास खोटा. कथेने त्याला वेडा ठरवून प्रश्न मिटवला. इतिहासात हा उपाय कधी कोणी केलाच नाही, असं आम्ही म्हणणार नाही.

यानंतर वुल्फमन आणि पेरेझ यांनीच दोन अंकांत डीसी विश्वाचा अधिकृत इतिहास मांडला. निवेदन करणारी हार्बिंजर, म्हणजे क्रायसिसमधलंच एक पात्र. बखरकार विजयी पक्षाचा असणार, हे ओघानेच आलं.

पण एक पात्र या हिशेबात बसेना. पॉवर गर्ल. ही त्या म्हाताऱ्या सुपरमॅनची चुलत बहीण. ती लोकप्रिय होती, त्यामुळे तिला ठेवायचं होतं. पण ती ज्या घरातली, ते घर तर कधी नव्हतंच. मग तिला नवं कूळ दिलं: अटलांटिसमधल्या एका जादूगाराची नात. माणूस तोच, नाव तेच, कागद नवे. पुढची वीसेक वर्षं लेखक तिच्या कुळाचा घोळ निस्तरत बसले. अखेर २००५ मध्ये ‘इन्फिनिट क्रायसिस’ सुरू झाली, तेव्हा तो म्हातारा सुपरमॅन बाहेरची भिंत फोडून परत आला, तिला शोधून काढलं, आणि सांगितलं की तू आमच्याच पृथ्वीची.

आता तुमचे प्रश्न घेऊ.